बारा माणसांचा पगार: हजेरीच्या वहीपासून चलनापर्यंत

डिसेंबर २०२५ घ्या. एकतीस दिवस, चार रविवार, म्हणजे कामाचे दिवस २७. बारा माणसांचं एक वर्कशॉप आहे आणि त्यातल्या टर्नरचा पगार १८,२०० रुपये. महिन्यात त्याचे दोन खाडे झाले, दहा तास ओटी (ओव्हरटाइम) झाली, शिवाय दिवाळीत घेतलेल्या उचलीतले २,००० रुपये या महिन्यात कापायचे आहेत. सात जानेवारीच्या आत त्याच्या खात्यावर किती रुपये जायला हवेत?

याचं उत्तर पुढे काढलंच आहे. एवढी एक पगार स्लिप मालकाला हाताने मांडता आली की सॉफ्टवेअर घ्या, अकाउंटंट ठेवा किंवा सीएकडे द्या, कोणी काय चुकवलं ते लगेच दिसतं. खालचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आणि महाराष्ट्रातले आहेत.

कितव्या माणसाला काय लागतं

पहिल्याच माणसाचा पगार महिना ७,५०० च्या वर गेला की व्यवसाय कराची नोंदणी लागते. तिच्या दोन बाजू आहेत. पीटीआरसी ही कामगारांकडून कापलेला कर भरण्यासाठी, तर पीटीईसी मालकाच्या स्वतःच्या करासाठी, वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनच्या आत. पीटीआरसी काढून पीटीईसी विसरलेले मालक गावोगाव सापडतील. चार-पाच वर्षांनी कुठल्यातरी कामासाठी प्रमाणपत्र मागितलं जातं आणि मग सगळी वर्षं व्याजासकट भरावी लागतात.

पाच माणसं झाली की महाराष्ट्र कामगार कल्याण निधी. दहा झाली की ईएसआयसी (कामगारांची सरकारी आरोग्य आणि अपघात विमा योजना) आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम). वीस झाली की पीएफ.

माणसं मोजताना सगळ्यांत जास्त चूक होते. कायम कामगार आठ, ठेकेदाराचे दोन आणि झाडूपोछा करणाऱ्या मावशी एक, असे अकरा धरायचे. 'ती आमच्या पगारपत्रकावर नाहीत' हे उत्तर तपासणीत टिकत नाही, कारण हजेरी, गेटची नोंद आणि ठेकेदाराची बिलं तिथेच टेबलावर असतात. पीएफ एकदा लागू झाला की पुढे माणसं वीसच्या खाली आली तरी तो सुटत नाही.

हजेरी आणि भागाकार

एका दिवसाचा पगार काढताना २६ ने भागायचं की ३० ने? किमान वेतनाचा रोजचा दर २६ ने काढतात, म्हणून कारखान्यात २६ धरणं सरळ. १८,२०० भागिले २६ म्हणजे ७०० रुपये रोज. रविवारचा पगार या ७०० मध्येच आला.

खाड्याला ३० ने कापायचं आणि ओटीलाही ३० चाच दर लावायचा, असं काही जण करतात. खाड्यात कामगाराचा फायदा होतो म्हणून तो गप्प बसतो, पण ओटीचा दर कमी पडतो आणि तक्रार तिथून उठते. दोन्हीकडे एकच भाजक ठेवा, आणि तो नेमणूकपत्रात लिहून टाका.

आता यातली खरी मेख. २६ चा भागाकार ठरला म्हणून हजर दिवस गुणिले ७०० असं सरसकट करू नका. फेब्रुवारी २०२६ मध्ये कामाचे दिवस २४ च. एकही खाडा न केलेल्या टर्नरला २४ गुणिले ७०० म्हणजे १६,८०० मिळतील, ठरलेल्या पगारापेक्षा १,४०० कमी. म्हणून पूर्ण पगारातून खाडे वजा करायचे. पण उलट टोकालाही हीच रीत फसते. २७ दिवसांच्या महिन्यात माणूस तीनच दिवस आला तर खाडे २४, वजावट १६,८००, हातात १,४००. त्याने तर २,१०० चं काम केलेलं असतं. त्यामुळे नियम असा ठेवा: निम्म्याहून जास्त दिवस हजर असेल तर पूर्ण पगारातून खाडे वजा, निम्म्याहून कमी असेल किंवा महिन्याच्या मध्ये लागला वा सुटला असेल तर हजर दिवस गुणिले रोज. एक्सेलमध्ये ही एक अट घातली की दरमहाची कटकट मिटते.

हजेरीत 'ह' आणि 'गै' एवढंच लिहू नका. भरपगारी रजा, साप्ताहिक सुट्टी, सणाची सुट्टी आणि खाडा यांना वेगवेगळी खूण हवी. चारही गोष्टी एकाच फुलीने दाखवल्या की वर्षाअखेर कोणाची किती रजा उरली हे कोणालाच सांगता येत नाही.

आणखी एक. किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. या दोन महिन्यांचा पगार काढण्याआधी आपल्या उद्योगाचा आणि परिमंडळाचा नवा दर बघायचाच. हेल्परचा पगार गेल्या सहामाहीत किमान वेतनाला जेमतेम टेकलेला असेल तर तो नव्या भत्त्याने आपोआप खाली गेलेला असतो आणि फरकाची थकबाकी साचू लागते.

टर्नरची स्लिप

पगार १८,२००. दोन खाड्यांचे १,४०० वजा, राहिले १६,८००. ओटी दुप्पट दराने: ७०० भागिले ८ म्हणजे तासाला ८७.५०, दुप्पट १७५, दहा तासांचे १,७५०. एकूण १८,५५०.

आता कपाती. ईएसआयसी पाऊण टक्का, म्हणजे १३९.१३ येतात. इथे पुढच्या पूर्ण रुपयावर जायचं, म्हणून १४०. व्यवसाय कर २००. डिसेंबर असल्याने कामगार कल्याण निधीचे २५. उचलीचे २,०००. हातात १६,१८५ रुपये.

मालकाचा खर्च इथे संपत नाही. ईएसआयसीत त्याचा वाटा सव्वातीन टक्के, म्हणजे ६०३. कल्याण निधीत त्याचे ७५. टर्नर या महिन्यात १९,२२८ रुपयांना पडला. जॉबवर्कचा दर ठरवताना हा आकडा धरायचा. १८,२०० धरून कोटेशन देणारे वर्षाअखेर नफा कुठे गेला म्हणून शोधत बसतात.

ईएसआयसी ओटीवरही लागते हे लक्षात ठेवा. १६,८०० वर भरून मोकळे होणाऱ्यांना तपासणीत फरक आणि वर्षाला १२ टक्के व्याज भरावं लागतं. मात्र २१,००० ची मर्यादा बघताना ओटी धरत नाहीत. म्हणजे ओटीमुळे एखाद्या महिन्यात एकूण रक्कम २२,५०० झाली तरी माणूस योजनेतच राहतो आणि वर्गणी २२,५०० वर जाते.

पगारवाढ कोणत्या महिन्यात द्यावी

ईएसआयसीचे वर्गणीचे कालखंड दोन: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कालखंडाच्या मध्येच पगार २१,००० ओलांडून गेला तर कालखंड संपेपर्यंत वर्गणी चालू ठेवावी लागते, आणि ती पूर्ण पगारावर. २०,५०० चा माणूस जूनमध्ये २२,००० झाला तर सप्टेंबरपर्यंत त्याचे १६५ आणि तुमचे ७१५ दरमहा जात राहतील. जूनमध्येच कपात थांबवली की चार महिन्यांची थकबाकी नक्की.

म्हणून काही मालक मर्यादेजवळच्या माणसाची वाढ एप्रिल किंवा ऑक्टोबरलाच देतात. हिशेबाला सोपं पडतं. पण त्या माणसाशी आधी बोलून घ्या. घरात आजारपण असेल तर दीड हजाराच्या वाढीपेक्षा ईएसआयसीचा दवाखाना त्याला जास्त मोलाचा वाटेल. लाभ एकदम तुटत नाहीत, हेही सांगा: एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचे लाभ मिळतात.

नवीन माणूस कामावर घेतल्याच दिवशी त्याचा विमा क्रमांक काढा. 'महिनाभर टिकतो का बघू' हा विचार वर्कशॉपमध्ये महागात पडतो, कारण मशीनवरचे अपघात नव्या हातांनाच जास्त होतात. कामावरच्या इजेसाठी योजनेत वर्गणीच्या दिवसांची अट नाही, पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. पण क्रमांकच नसेल तर बोट गेल्याची भरपाई मालकाच्या गळ्यात येते. वर्गणीची तारीख पुढच्या महिन्याची १५.

व्यवसाय कर

दर साधे आहेत. पुरुषांना ७,५०० पर्यंत काही नाही, १०,००० पर्यंत १७५, त्यापुढे २००. स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत माफ, त्यापुढे २००. दोनशेवाल्यांचे फेब्रुवारीत ३०० कापायचे, म्हणजे वर्षाचे २,५०० होतात. पासष्ट वर्षं ओलांडलेल्यांना हा कर नाही.

फेब्रुवारीचे वरचे शंभर रुपये कापायला विसरणं ही नेहमीची चूक. मार्चच्या पगारातून कापू म्हणावं तर तोवर माणूस सोडून गेलेला असतो आणि शंभर रुपये मालकाचे जातात. रक्कम किरकोळ, पण विवरणपत्र जुळत नाही. दुसरी चूक, २०२३ नंतरही महिला कर्मचाऱ्यांचे जुन्या सवयीने २०० कापत राहणं.

वर्षाचा कर एक लाखाच्या आत असेल तर विवरणपत्र वर्षातून एकदा, ३१ मार्चच्या आत, मार्च ते फेब्रुवारीच्या पगारांचं. बारा माणसांचा कर जास्तीत जास्त ३०,००० होतो, म्हणजे आपल्या वर्कशॉपला वार्षिकच. नोंदणीच्या पहिल्या वर्षी मात्र दरमहा. विलंब शुल्क १,००० रुपये आहे, तीस दिवसांच्या आत भरलं तर २००. पैसे वेळेवर भरून विवरणपत्र टाकायचं राहिलं तरी ते लागतं.

बेळगावला शाखा असेल तर तिथल्या माणसांना कर्नाटकचा कर लागतो, पुण्यातून पगार काढला म्हणून महाराष्ट्राचा नव्हे. तिथे २५,००० ची मर्यादा स्त्री-पुरुष सगळ्यांना एकच.

कल्याण निधी वर्षातून दोनदाच असतो म्हणून हमखास विसरतो. ३० जून आणि ३१ डिसेंबरला जे पटावर असतील त्यांचे माणशी २५ कापायचे, आपले ७५ घालायचे, आणि १५ जुलै व १५ जानेवारीच्या आत भरायचे. मोबाइलमध्ये दोन गजर लावून ठेवा.

वीसावा माणूस आला

पीएफमध्ये कामगाराचे १२ टक्के, मालकाचे १२. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन खात्यात, उरलेले ३.६७ टक्के पीएफमध्ये. १५,००० बेसिक (भत्त्यांशिवायचा मूळ पगार) असलेल्या माणसाचे १,८०० कापले जातील. मालकाचे १,२५० पेन्शनला, ५५० पीएफला, विम्याचे ७५ आणि प्रशासकीय शुल्क अर्धा टक्का, पण संपूर्ण आस्थापनेचं किमान ५००. बेसिक १५,००० च्या वर असेल तर दोघांचाही हिशेब १५,००० वर थांबवता येतो.

पेन्शनच्या रकान्यात गोंधळ होतो. सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेला आणि त्या वेळी १५,००० च्या वर पगार असलेला माणूस पेन्शनचा सभासद होत नाही, त्याचे मालकाकडचे पूर्ण १२ टक्के पीएफमध्येच जातात. ५८ वर्षं पूर्ण झालेल्यांचंही तसंच. त्यांच्या नावाने पेन्शनला पैसे गेले की चूक त्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही. माणूस पैसे काढायला जातो तेव्हा त्याचा अर्ज अडकतो आणि तो तुमच्या दारात येतो.

रुजू होणाऱ्याला आधी जुना यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) विचारा. 'नाही' म्हणाला तरी मागच्या नोकरीची स्लिप बघा. नाव, जन्मतारीख आणि आधार अक्षरशः जुळायला हवेत. वडिलांचं नाव मध्ये घालण्याची आपली पद्धत इथे नडते: आधारवर तीन शब्द आणि पीएफला दोन, एवढ्यावरूनही केवायसी अडतं.

तारीख १५. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा या तारखेनंतर भरला तर व्याज आणि दंड आहेच, शिवाय २०२५-२६ च्या आयकर हिशेबात ती रक्कम खर्च म्हणून दाखवायची सोय कायमची जाते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये हा मुद्दा पक्का केला. एका दिवसाचा उशीर झाला तरी सूट नाही. पार्टीचं पेमेंट अडकलं म्हणून पीएफ थांबवणारा मालक मुळात कामगाराचे पैसे वापरत असतो, आणि कायदा त्याच्याकडे त्याच नजरेने बघतो. पैसे कमी असतील तर आधी कापलेले हिस्से भरा, कच्च्या मालाचा पुरवठादार चार दिवस थांबेल.

ठेकेदाराच्या माणसांचा पीएफ आणि ईएसआयसी भरण्याची जबाबदारी शेवटी तुमच्यावर येते. त्याचं बिल पास करताना मागच्या महिन्याच्या चलनाबरोबर नावांची यादी मागा. नुसतं चलन पुरेसं नसतं, ते दुसऱ्याच साइटच्या माणसांचं असू शकतं.

टीडीएस आणि मालकाचा स्वतःचा पगार

नव्या करप्रणालीत १२,७५,००० पर्यंतच्या पगारावर कर येत नाही, त्यामुळे वर्कशॉपमध्ये टीडीएसचा, म्हणजे पगारातूनच आयकर कापून भरण्याचा, प्रश्न एखाद्या मॅनेजरपुरताच उरतो. समजा त्याला महिना १,१०,००० मिळतात. वर्षाचे १३,२०,०००, त्यातून प्रमाणित वजावट ७५,०००, राहिले १२,४५,०००. टप्प्यांनी कर ६६,७५० येतो, पण १२ लाखांच्या वरच्या रकमेपेक्षा जास्त कर घेत नाहीत, म्हणून ४५,०००. चार टक्के उपकर धरून ४६,८००, म्हणजे महिन्याला ३,९००. हा हिशेब एप्रिलमध्येच करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाग आली तर सगळा कर दोन पगारांतून जातो आणि मॅनेजर तोंड पाडून बसतो.

कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. कापून भरला नाही तर महिन्याला दीड टक्का व्याज, आणि महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरतात. तिमाही विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला २००. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक वेगळे आहेत. त्यानंतरच्या महिन्यांचं चलन भरताना जुना क्रमांक टाकू नका.

'माझं ऑडिट नाही, मला टीडीएस नाही' हा समज पगाराला लागू नाही. अंदाजित नफ्याने विवरणपत्र भरणाऱ्यालाही पगारावरचा टीडीएस, ईएसआयसी, व्यवसाय कर हे सगळं आहेच.

एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर मालकाचा पगार खर्चात टाकता येत नाही, ती त्याची उचल. भागीदारी असेल तर भागीदारांच्या मोबदल्यावर १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला २०,००० च्या वर १० टक्के टीडीएस कापावा लागतो. वर्षाअखेर एका एंट्रीत मोबदला आणि व्याज टाकायची पद्धत असेल तर मार्चमध्येच कर कापून ३० एप्रिलपर्यंत भरा.

रोखीचा पगार

एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले तर ती पूर्ण रक्कम खर्चातून उडते, फक्त वरची नव्हे. टर्नरचे १६,१८५ पाकिटात घालून दिले तर कराच्या हिशेबात पगार दिलाच नाही असं होतं. बँकेत पाठवा. उचल रोख द्यायची तर व्हाउचरवर तारीख, रक्कम आणि महिना किती कापायची हे लिहून सही घ्या. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, म्हणून मोठी उचल चार-पाच हप्त्यांत पाडा.

बेसिक, ग्रॅच्युइटी आणि शेवटचा हिशेब

चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. बेसिक लहान ठेवून भत्ते फुगवायची जुनी युक्ती आता चालत नाही. २०,००० पगारात बेसिक ८,००० आणि घरभाडे, प्रवास वगैरे १२,००० असेल तर निम्म्याच्या वरचे २,००० वेतनात परत मिळवले जातात आणि वेतन १०,००० धरलं जातं. जुन्या स्लिपा एकदा या चाळणीतून काढा. नेमणूकपत्रही प्रत्येकाला द्यावं लागतं.

ग्रॅच्युइटी काढायला शेवटचं वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १३,००० वेतन आणि सात वर्षं म्हणजे ५२,५००. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून जास्त झाले तर पूर्ण वर्ष धरतात. कायम माणसाला पाच वर्षांची अट आहे, ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला आता एकच वर्ष. जुनी चार-पाच माणसं असतील तर हा आकडा दरवर्षी ३१ मार्चला काढून बाजूला ठेवा. तीन जण एकाच वर्षी निवृत्त झाले आणि तरतूद नाही, अशी वेळ आली तर त्यासाठी ओव्हरड्राफ्ट काढावा लागतो.

माणूस सोडून गेला की नव्या नियमात दोन कामाच्या दिवसांत त्याचं वेतन चुकतं करायचं. म्हणजे राजीनामा हातात आला त्याच दिवशी उरलेली रजा, बाकी उचल आणि टूल-किट किंवा कार्डाची परतफेड यांची यादी करून त्याच्यापुढे ठेवा, शेवटच्या दिवशी नव्हे. पीएफमध्ये सोडल्याची तारीख त्याच महिन्याच्या भरण्याबरोबर टाका. ती टाकली नाही तर पुढच्या नोकरीत त्याचा पीएफ वळत नाही, आणि दर आठवड्याला त्याचा फोन तुम्हालाच येतो.